डाव्या पायाची करंगळी

बारा वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा हडपसरच्या वर्कशॉपमधून आनंदचा तिसरा फोन आला.

"मॅडम, पत्रा मशीनवर चढवून ठेवलाय. आज गुरुवार. एकच्या ठोक्याला आमची लाइट जाते, ती संध्याकाळीच येते. पाठवा की फाइल!"

"पाठवते," कादंबरी म्हणाली.

पडद्यावर महाराजांचे दोन पाय होते. धायरीच्या मठातले महाराज गेल्या वर्षी गेले. ते असताना कुणीतरी त्यांचे पाय पेन्सिलीनं कार्डशीटवर गिरवून ठेवले होते. त्या रेघेवरून पितळी पादुका कापायच्या होत्या आणि उद्या पहाटे त्यांची स्थापना. पितळही बाजारचं नव्हतं. घराघरांतून आलेल्या समया, घंटा, पराती वितळवून एकच पत्रा निघाला होता. चुकला तर दुसरा नाही.

कर्वेनगरच्या या दुकानात एरवी दारावरच्या पाट्या आणि लग्नपत्रिका होत. हे काम मात्र कादंबरीनं दोन दिवस उपास धरून केलं होतं. कार्डशीट स्कॅन करून तिनं रेघ कॉम्प्युटरवर उतरवली. रेघेवर बारीक ठिपके असतात, त्यांना नोड म्हणायचं. नोड ओढावा तशी रेघ वळते. डाव्या पायाच्या करंगळीपाशी रेघ आत मुडपलेली, खडबडीत होती. पेन्सिल घसरली असणार, असं तिला वाटलं. गुरूच्या पायाला खोट कशी ठेवायची? तिनं तेवढेच अकरा नोड निवडले, पुसले, आणि तिथली रेघ सुरेख गोल केली. खालचं स्कॅन काढून टाकलं, फाइल सेव्ह केली. कार्डशीट कुठे पायदळी यायला नको म्हणून मठाचे महिपतीकाका ते काल नदीत सोडून आले होते.

आता फक्त गोदाबाईंनी एकदा हात लावायचा राहिला होता.

एकतीस वर्षं महाराजांचे पाय रोज सकाळी त्यांनीच धुतले होते. काचबिंदूनं डोळे गेले होते, तरी रिक्षावाल्याचा खांदा धरून त्या पायऱ्या चढून आल्या. कादंबरीनं पाणी पुढे केलं.

"नगं. पाय हाताला लागल्याबिगर पानी घेत न्हाई मी. महाराज गेल्यापास्नं त्या कागदावरच हात ठिवत व्हते. आज त्यो बी न्हाई. आन हिकडं, तू काढल्यालं पाय."

त्यांना हातानं कळावं म्हणून कादंबरीनं पायांचा आकार पुठ्ठ्यातून कापून ठेवला होता. गोदाबाईंनी उजव्या पायावरून अंगठा फिरवला, टाचेपासून बोटांपर्यंत, आणि मान डोलावली. मग डावा घेतला. करंगळीपाशी अंगठा थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला.

"ह्यो पाय महाराजांचा न्हाई."

दुकानाचे मालक यज्ञेश्वर चष्म्यावरून पाहत म्हणाले, "आजी, कागदावर होतं तसंच आहे ते. कॉम्प्युटरला अजून स्वतःच्या मनानं पाय काढता येत नाहीत."

कादंबरीनं माउस सोडला. सरांना खरंच तसं वाटत होतं. कागद नदीत, स्कॅन पुसलेलं. तिनं तोंड उघडलं नाही तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. गोदाबाईंनी पुठ्ठा हळूच टेबलावर ठेवला, आणि हात पदराला पुसले.

"आजी, तसंच नाहीये," कादंबरी म्हणाली. "तिथे रेघ वाकडी होती. मी सरळ केली."

यज्ञेश्वरांनी चष्माच काढला. "वा! महाराजांचं ऑपरेशन केलंत आपण. आता?"

बारा वाजून आठ मिनिटं झाली होती.

"आजी, कशी होती करंगळी? तुम्ही सांगाल तसे नोड परत टाकते."

"शेजारच्या बोटावर चढल्याली. ल्हानपनी बैलाचा पाय पडला व्हता."

कादंबरीनं रेघेवर नोड टाकले, आत ओढले, पुठ्ठा कापला. "जास्त खोल," गोदाबाई म्हणाल्या. दुसरा कापला. "आता बोट तुटल्यागत लागतंय." तिसरा त्यांनी नुसताच बाजूला सारला. बारा पंचवीस. माउसवरचं बोट घामानं घसरायला लागलं.

"चप्पल काढ," गोदाबाई एकाएकी म्हणाल्या.

"काय?"

त्या जमिनीवर बसल्या आणि कादंबरीचा डावा पाय त्यांनी सरळ मांडीवर घेतला.

"आजी, अहो, पाय नका धरू! पाप लागेल मला!"

"लागू दे. गप बस." त्यांनी तिची करंगळी चिमटीत धरली, शेजारच्या बोटावर चढवली आणि दाबली. "असं. कळलं का? मुळापाशी खळगा, मग वर चढ, आन टोक आतल्या बाजूला."

दुखलं. पण कळलं. तो चढ कुठे सुरू होतो ते कादंबरीला आता डोळ्यांनी शोधावं लागत नव्हतं. पाय तसाच त्यांच्या मांडीवर ठेवून तिनं माउस धरला. मुळापाशी एक नोड, खळग्यात दोन, चढावर चार दाटीवाटीनं, टोक आत. चौथा पुठ्ठा कापून तिनं त्यांच्या हातात दिला.

अंगठा टाचेवरून निघाला. करंगळीपाशी आला आणि तिथेच राहिला. गोदाबाईंच्या ओठांची हालचाल होत होती, आवाज नव्हता.

"ह्येच," त्या शेवटी म्हणाल्या.

यज्ञेश्वर पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आले. गोदाबाईंनी मान हलवली. "पितळात उतरू द्या आदी."

फाइल गेली तेव्हा बारा एकेचाळीस झाले होते. पाच मिनिटांत आनंदचा फोन आला.

"मॅडम, डाव्या करंगळीपाशी नोड लई दाटलेत, रेघ वेडीवाकडी दिसतीये. स्मूथ करून टाकू का? एका क्लिकचं काम आहे."

"नाही!"

कादंबरीचा एवढा मोठा आवाज त्या दुकानात आजवर कुणी ऐकला नव्हता. बाहेर पत्रिका बघत उभं असलेलं गिऱ्हाईकही वळून बघायला लागलं.

"एकसुद्धा नोड काढायचा नाही. जसा आहे तसाच कापा. आणि फोन चालू ठेवा."

मशीनची घरघर सुरू झाली. तिघंही टेबलावरच्या फोनला कान लावून राहिले. उजवा पाय झाला, आनंद म्हणाला. मग नुसतीच घरघर. बारा पंचावन्न. अठ्ठावन्न. यज्ञेश्वर पाण्याचा ग्लास हातात धरूनच उभे होते.

एकाएकी आवाज थांबला. एकला मिनिट बाकी होतं.

"आनंद? लाइट गेली का?"

पलीकडे पितळ खणकलं.

"नाही मॅडम, झालं. हातात घेतलाय डावा. बोटावर बोट चढलंय बघा, डिट्टो." आणि लगेच, "हां, आता गेली."

गोदाबाईंनी पुठ्ठ्याचा पाय कपाळाला टेकवला आणि ग्लास कुठे आहे ते चाचपडत यज्ञेश्वरांपुढे हात केला.

"आना पानी. आन पोरी, चप्पल घाल आता."