पाठ उघडण्याआधी विचारा

मी जुना कॅमेरा आहे, मोडका नाही. हे आधी ऐकून ठेवा, मित्रांनो, म्हणजे उगाच हळहळायला नको. परवा रिद्धी मला बघून आपल्या आत्याला, रीनाला म्हणाली, "आत्या, हा आता भंगारात दे." तिच्या हातात नवा डिजिटल आहे ना, म्हणून ही ऐट.

राजुरीच्या दलीचंदशेठांनी किराणा दुकान एक दिवस बंद ठेवून पुण्याहून मला आणलं, लेकीसाठी, याच रीनासाठी. रीनाला येडगावच्या धरणावरच्या पाखरांचं वेड. तिथल्या संपतकडे एका पावण्याने टाकून दिलेली कयाक होती, म्हणजे एका माणसापुरती चिंचोळी होडी. त्याने तिची भोकं डांबराने बुजवली आणि गावाने तिचं नाव ठेवलं काकडी. इंजिनाची बोट आली की पाखरं उडत. काकडी जवळून गेली तरी काठावरचा ढोकरी बगळा मान वळवत नसे. रीना वल्हं मांडीवर आडवं ठेवायची, श्वास धरायची आणि मला डोळ्याला लावायची.

एकोणीसशे नव्याण्णवच्या भादव्यात चिमाजी ठेकेदाराचा डोळा धरणातल्या बाभळींवर पडला. त्यांवर पाणकावळ्यांची घरटी होती.

"कसली घरटी? नुसत्या काटक्या हायेत," तो चार माणसांत रीनाला म्हणाला. "परवा सकाळी कुऱ्हाड लावणार. पिल्लं हायेत म्हणता, तर फोटो दावा. मग हात लावायचो न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही गेलो. छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले. घरी येऊन रीना मला ओट्यावर ठेवून अंघोळीला गेली. तिची आई कस्तुरबाई लई जपणारी. ओली वस्तू ठेवण्याआधी आत एखादा जीव अडकला नाही ना, हे पाहायची तिची रीत. डबा असो, चप्पल असो, उघडून झटकून पाहायची. तिने मला पुसलं आणि माझी पाठ उघडली.

भक्कन उजेड आत शिरला. सगळा रोल वाया गेला. मित्रांनो, मला तेव्हा तिचा भयंकर राग आला.

"मुंगी आहे का बघत होते गं," कस्तुरबाई म्हणाली. रीना रडली नाही. दलीचंदशेठ नारायणगावला गेले आणि नवा रोल घेऊन आले, तोवर ऊन कलतं झालं होतं.

हे जैन घर, यांच्याकडे सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण घेत नाहीत. रीनाने आयुष्यात पहिल्यांदा ताट मागे सारलं आणि काकडीत बसली. उजेड सरत होता. मी सगळा डोळा उघडून बसलो. शेवटच्या पिवळ्या किरणात तीन उघड्या चोची मला मिळाल्या.

काठावर कस्तुरबाई उभी होती, हातात जेवणाचा न उघडलेला डबा.

"तू जेवलीस ना?" रीनाने विचारलं.

"न्हाई. मुंगी शोधायला गेले आणि पिल्लांच्याच जिवावर उठले. आज पोट रिकामंच बरं."

दलीचंदशेठांनी रातोरात नारायणगावच्या स्टुडिओवाल्याला उठवून रोल धुऊन आणला. तिसऱ्या दिवशी कुऱ्हाडी घेऊन आलेल्या माणसांसमोर रीनाने फोटो धरला. चिमाजीने तो बराच वेळ पाहिला. "बोललो म्हंजे बोललो," म्हणाला आणि माणसं घेऊन माघारी गेला.

त्या बाभळी अजून पाण्यात उभ्या आहेत. मीही आहे. माझ्यावर दया करू नका आणि मला काचेच्या कपाटात तर मुळीच बसवू नका. रोल घाला आणि पाण्यावर न्या. जुन्या वस्तूला काम द्या, तीच तिची निगा. आणि उघडण्याआधी एकदा विचारा. कस्तुरबाई आता विचारते.