अर्धं ऐकलेलं पथ्य

लालबागच्या एका चाळीत जाईबाईंची खाणावळ होती. खाणावळ म्हणजे काय, तर पुढे एक खोली आणि मागे चूल. रात्रपाळी सुटली की गिरणीतले गडी अंगावरचा कापूस झटकत यायचे, भिंतीला पाठ लावून पाटावर बसायचे आणि जाईबाईंची सून सुभद्रा त्यांना वाढायची. बायकामुलं कोकणात ठेवून मुंबईत राबणारी ही माणसं. त्यांना घर म्हणजे ही खाणावळ आणि सुख म्हणजे पोटभर भात. साहेबाच्या शिव्या ते मुकाट ऐकून घेत, पण ताटातला भात कमी झालेला खपवून घेत नसत.

त्या सकाळीही नेहमीसारखी पंगत बसली होती. सुभद्रा पातेलं कमरेला टेकवून वाढत होती. वाकताना तिच्या चोळीची दंडावरची शिवण टर्रकन उसवली. पंगतीत भिवा नावाचा एक साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार, होता, तोंडाने भारी आगाऊ. त्याने ताटातून मान वर केली आणि म्हणाला, "आयला, आमचा भात जातो कुठे ते आज कळलं!"

पंगत खो खो हसली. चुलीपाशी बसलेला सुभद्राचा नवरा गुणाजी, तोही हसला. सुभद्राने पदर ओढून घेतला आणि ती आत गेली. अजून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. त्या घरात सुनेने सगळ्यांच्या मागून, पातेल्याच्या तळाशी जे राहील ते खायचं, ही रीत होती.

गोष्ट हसण्यावारी गेली असती तर मी सांगायला बसलो नसतो. पण खाणावळवालीला सगळ्यात झोंबणारा बोल कुठला, तर हिच्या घरातली माणसं गड्यांच्या वाटचं खातात. शेजारच्या चाळीत सुंदराबाईची खाणावळ होतीच. आठवड्याभरात दोन गडी तिकडे जेवू लागले. जाईबाईंनी सुभद्राला चुलीपाशी गाठलं.

"काय गो, सगळ्यांच्या मागसून खातंस आणि सगळ्यांच्या पुढे फुगतंस? ह्या कसा काय?" त्यांनी सुभद्राला विचारलं.

"आत्या, गोळ्यांनी होतं तसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या."

"गोळीत काय भात भरलेलो असता?"

ह्या गोळ्यांचं असं होतं. आदल्या वर्षी सुभद्राचं तान्हं मूल गेलं. त्यानंतर ती बोलेना, उठेना, नळावर हंडा लावला तर तो वाहून जाई आणि ती नुसती बघत राही. जाईबाईंनी तिला गावी धाडलं. तिथे भगताने तिला मिरच्यांची धुरी दिली, केस धरून घुमवलं, वेताच्या छडीने अंगातली अवदसा काढली. अवदसा काही निघाली नाही, पाठीची सालटी तेवढी निघाली. शेवटी गुणाजीने तिला मुंबईला आणून मोठ्या इस्पितळात दाखवलं. माया होती म्हणून नव्हे हो. खाणावळीत हात कमी पडत होते.

इस्पितळात नुकत्याच ह्या नव्या गोळ्या आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा मनाचा आजार आहे, तापासारखाच आजार, ह्यात बाईचा दोष नाही. काही आठवडे काहीच झालं नाही. मग एके सकाळी सुभद्राने आमटी चाखली आणि आपणहून म्हणाली, "मीठ कमी आहे." एवढंच. पण तिला स्वतःलाच केवढं नवल वाटलं! कित्येक महिन्यांत तिच्या जिभेला चवच कळली नव्हती. त्या दिवशी ती मोरीत जाऊन रडली, आणि ते रडणंसुद्धा तिला बरं वाटलं. गोळी चुकली तर आपण परत त्या काळोखात जाऊ, हे तिने मनात पक्कं धरलं. दुसरं कसलं भय तिला उरलं नव्हतं.

गोळ्यांनी भूक वाढली, अंग भरलं. जाईबाई तिला घेऊन तरातरा इस्पितळात गेल्या आणि डॉक्टरीणबाईंपुढे तिचा दंड दाबून दाखवला, भाजीवालीपुढे दुधी दाबावा तसा.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "अंग गोळ्यांनी भरलंय, चोरून खाल्ल्याने नाही. भात, भाकरी, साखर निम्मी करा. त्याच्या बदली मासळी, अंडं, डाळ, पालेभाजी पोटभर द्या. उपाशी ठेवायचं नाही. आणि गोळी एकही दिवस चुकवायची नाही. कळलं ना?"

"कळला," जाईबाई म्हणाल्या.

काय कळलं? भात बंद, भाकरी बंद, साखर बंद. सांगितलं होतं निम्मं, यांनी केलं पुरतं बंद. तेवढं त्यांनी चाळीच्या जिन्यापासूनच ओरडून सांगायला सुरुवात केली. गड्यांनाही सांगितलं, म्हणजे कुणाला शंका नको. मासळीचं मात्र त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. सुभद्राने भीत भीत आठवण केली तेव्हा जाईबाईंनी तळणीतल्या बांगड्यावरची नजर न काढता म्हटलं, "बांगडो पैसे भरणाऱ्यांचो. तू जेवणाचो कितीचो पास काढलंस?"

म्हणजे सुभद्राने काय खायचं? सकाळी कोरा चहा. दुपारी आमटीचं वरचं पाणी. संध्याकाळी मुळ्याचा पाला, तोही पंगतीतून उरला तर. आणि दिवसभर त्याच हातांनी तांदूळ धुवायचे, भात वेळायचा, म्हणजे त्याची पेज गाळायची, भाकऱ्या थापायच्या, मासे तळायचे. तव्यावरच्या भाकरीचा वास आला की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. हेच तर वाईट! इतकी वर्षं तिला कुणीकुणी सांगितलं होतं की बाईने भूक दाखवू नये, आणि ते तिला खरं वाटत होतं.

गुणाजी शिवडीला कापसाच्या गुदामात मुकादम होता. त्याला वाटलं, बायको खरंच बारीक होते की नाही ते बघायला हवं. एका रविवारी तो तिला गुदामात घेऊन गेला आणि गाठी तोलायच्या काट्यावर उभी केली. हमाल विड्या ओढत बसले होते, ते जवळ आले.

"मुकादम, ही गाठ कुठल्या गिरणीची?" एकाने विचारलं.

"परत आलेला माल दिसतोय," दुसरा म्हणाला.

सुभद्रा पायांकडे बघत उभी राहिली. गुणाजीने काट्यावरचं वजन सरकवलं, आकडा वाचला आणि तो मोठ्याने सांगितला. परतताना तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात काटा उतरला नाही, तर तुला गावी धाडणार. मग तू आणि तुझा भगत."

गाव म्हणजे भगत आणि गाव म्हणजे गोळी बंद. सुभद्राला दुसरं काही सांगावं लागलं नाही. त्या दिवसापासून तिने आमटीचं पाणीही सोडलं. कुणी बळजोरी केली नाही बरं का, तिने आपण होऊन सोडलं! मुंबईत राहायचं, म्हणजे इस्पितळ जवळ, म्हणजे डोकं ठिकाणावर. डोकं ठिकाणावर राहावं म्हणून एक बाई पोटाला चिमटा घेत होती आणि घरातली माणसं खूश होती.

पुढच्या महिन्यात काटा उतरला. काय कौतुक झालं म्हणून सांगू! जाईबाईंनी तिचा चेहरा हनुवटीला धरून वर केला आणि म्हणाल्या, "आता कशी दिसतंस! माणसात इलंस." भिवाने पंगतीत जाहीर केलं, "वहिनी बारीक झाल्या नि आमच्या ताटात भात दिसाय लागला." सुंदराबाईकडे गेलेले दोघे परत आले. सुभद्राच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, केस गळत होते, उठताना तिला भिंत धरावी लागत होती. ते कुणाच्या नजरेला आलं नाही, कारण ते काट्यावर दिसत नव्हतं.

उपाशी पोटी ती गोळी घ्यायची. उभी राहिली की घेरी यायची. एप्रिलच्या एका दुपारी ती भात वेळत असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पातेल्यासकट कोसळली. उकळती पेज तिच्या पायावर सांडली. जाईबाई धावत आल्या आणि आधी त्यांनी भात उचलला. मग म्हणाल्या, "मेले, सगळो भात मातयेत घातलंस!" त्या आठवड्यात गड्यांची दुपारची पाळी होती, बाहेर पंगत खोळंबली होती. भिवाने हाक दिली, "अहो, कोण पडलं ते नंतर बघा, दुसरी पाळी चुकेल आमची!"

सुभद्राच्या पायावर चुन्याची निवळी आणि खोबरेल फासलं गेलं. रात्री मायलेकांचं बोलणं झालं, तिच्या समोरच. ती जणू तिथे नव्हतीच.

"उभी रवणा नाय तर काय उपयोग?" जाईबाई म्हणाल्या.

"गावी पोचवतो. सोमवारची बोट आहे," गुणाजी म्हणाला.

"आणि त्यो गोळयो?"

"गोळ्या कशाला? बारीक झालीय की आता."

सुभद्राने ऐकलं. अंग भरलं तेव्हा गाव, आणि अंग उतरलं तरी गावच! मग एवढे दिवस आपण काय कमावलं? तिला रडू आलं नाही. तिला राग आला. राग कसा असतो तेच ती विसरली होती.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, महाराष्ट्र राज्य झालं. लालबागेत काय विचारता! गॅलऱ्यांतून पताका, दारोदारी रांगोळ्या, नाक्यावर पेढे. चार वर्षं ह्याच गड्यांनी 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत रस्ते दणाणून सोडले होते. भिवाच्या कपाळावर पोलिसाच्या लाठीची खूण होती आणि ती तो अभिमानाने दाखवायचा. दाखवायलाच हवी, खोटी नव्हती ती. जाईबाईंनी खास बेत केला, कोंबडी-वडे, भात आणि सोलकढी. सगळे गडी एकदम जेवायला बसले. गुणाजीही बसला. सुभद्रा भाजलेला पाय ओढत पहाटेपासून राबली होती. भिंतीशी तिची पत्र्याची पेटी भरून ठेवली होती.

तिने सगळ्यांना वाढलं. वडे झाले, रस्सा झाला, भात झाला. मग पंगतीच्या टोकाला एक पाट रिकामा होता, त्यावर ती बसली. तिने एक ताट पुढे घेतलं, त्यात भाताचा एकच चमचा वाढला, कोंबडीचे चार तुकडे घेतले आणि ती जेवू लागली.

पहिल्यांदा कुणाला उमजलंच नाही. मग गुणाजीने हातातला वडा खाली ठेवला.

"काय चाललंय?" गुणाजी म्हणाला. "ऊठ."

"नाही उठणार," सुभद्रा म्हणाली. तोंडात घास होता, तो तिने आधी गिळला. "हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पथ्य. भात थोडा आणि बाकीचं पोटभर. आत्यांनी अर्धंच ऐकलं. मी पुरं ऐकलं होतं. आणि उद्या मी बोटीत बसणार नाही. मला इस्पितळात जायचंय."

"पुरुषांच्या पंगतीत जेवतंस? लाज कशी वाटणा नाय?" जाईबाई झारा घेऊन दारात आल्या.

"वाटायची, आत्या. लाजेने पोट भरत नाही."

गुणाजी पानावरून उठला. तीन पावलांत तिच्यापाशी गेला आणि त्याने सगळ्यांदेखत तिच्या तोंडात मारली. घास जमिनीवर सांडला. सुभद्राचा ओठ फुटला. गडी बघत होते. आता कुणीतरी म्हणेल, अरे थांब. लाठ्या खाल्लेली माणसं ही, भिवा तरी म्हणेल.

भिवा उठला आणि म्हणाला, "चला रे. बाईच्या पंगतीला बसायचे दिवस अजून आले नाहीत आपल्यावर. सुंदराबाईकडे पण आज गोडाचं आहे."

आणि सगळे उठले. मोर्चात जशी एकी होती, अगदी तशी. एकामागोमाग एक हात धुवून, टोप्या चढवून ते बाहेर पडले. बाहेर बॅंड वाजत होता. जाईबाई त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावल्या, हात जोडत, देवाच्या शपथा घालत. गुणाजीने सुभद्राची पेटी उचलून गॅलरीत आदळली आणि तोही गड्यांची समजूत घालायला धावला.

वाचकहो, तुम्हीही त्या पंगतीत असता. आपल्या घरात कोण मागून जेवतं, काय जेवतं, हे कधी वाकून पाहिलंय? की तुमचंही ताट भरलेलं होतं?

खोलीत एकटा कुशाबा राहिला, पंगतीतला सर्वांत म्हातारा गडी. तो धीराचा म्हणून थांबला होता असं नाही. त्याचे गुडघे गेले होते आणि पुढ्यात कोंबडी होती. तो मान खाली घालून जेवत राहिला. समोर सुभद्राने पदराने ओठ पुसला, सांडलेलं बाजूला सारलं, नवा घास घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. ती सावकाश चावत होती, चव घेत होती. जेवण संपल्यावर घ्यायची गोळी तिने ताटाशेजारी काढून ठेवली होती.

बऱ्याच वेळाने कुशाबाचं ताट रिकामं झालं. जन्माची सवय होती. त्याने वर न बघताच ताट पुढे सरकवलं.

"सूनबाई, भात वाढ गो थोडा."

"पातेलं तिथे आहे काका," सुभद्रा म्हणाली, "हाताने घ्या. मी जेवतेय."