अमरावतीला न गेलेली पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात माझा जन्म झाला. एकदा मी एसटीच्या टपावरून पडले, तेव्हा रस्त्याला खड्डा पडला. मला मात्र पोचाही आला नाही. तो खड्डा अजून आहे. खोटं वाटत असेल, तर मित्रांनो, जाऊन बघून या.

आमच्या घरची रीत अशी. कोणाला कॉलेजात प्रवेश मिळाला, की सेवादास पेंटर येतो आणि माझ्या झाकणावर नाव, कॉलेज आणि गाव लिहितो. मग मला तीन दिवस ओट्यावर ठेवतात. रंग वाळावा म्हणून, असं सांगतात. खरं म्हणजे गल्लीने वाचावं म्हणून. इतकी नावं पडली, की नुसत्या रंगाने मी दोन बोटं उंच झाले आहे.

यंदा पाळी निकिताची होती. तिचे वडील देवराव पिठाची चक्की चालवतात. पहिल्याच फेरीत तिचं नाव पुण्याच्या इंजिनीअरिंगला लागलं आणि देवरावांनी त्याच दिवशी सेवादासला बोलावलं. 'निकिता देवराव, अभियांत्रिकी, पुणे'. पोळा झाला की निघायचं होतं.

पण दुसरीकडच्या यादीत तिचं नाव अकोल्याच्या कृषी कॉलेजातही लागलं, आणि पोरीचं मन फिरलं. पुण्याची जागा सोडायची शेवटची तारीख उद्याची होती. अर्जावर पालकाची सही हवी होती.

"पेटीवर नाव पडलं ना," देवराव म्हणाले. "आता कायले बदलवतं? लोकायनं वाचलं."

"मले कॉम्प्युटर नाही शिकायचं, बाबा. मले मातीचं शिकायचं हाये."

"मी एकदा ठरवलं की ठरवलं. माह्या पोरीनं तसंच राहावं."

हे ऐकून मी कडी वाजवणार होते. पण पेटीने पोटातलं पोटात ठेवावं, म्हणून गप्प बसले.

निकिता आत गेली आणि स्वयंपाकघरातला सराटा घेऊन आली. पोळी उलटायच्या त्या सराट्याने तिने मला खरवडायला घेतलं. पुणे गेलं. खाली तिच्या चुलतभावाचं नागपूर निघालं. तेही गेलं. मग देवरावांचं स्वतःचं नाव आलं, 'आय.टी.आय., यवतमाळ'. ते साऱ्यांना ठाऊक होतं. पण हात जोरात चालला होता. त्या थराखालून पांढरी अक्षरं वर आली: 'देवराव, डी.एड., अमरावती'.

निकिता थांबली. "बाबा, अमरावतीले कोण गेलतं?"

देवरावांनी झाकणाकडे पाहिलं. "कोणी नाही गेलतं," ते म्हणाले. "थेच तं भानगड हाये."

दारात उभ्या निकिताच्या आईने, सत्यशीलाबाईंनी, पदर तोंडाला लावला. "मले तं लग्नात सांगतलं होतं, लहानपणापासून मशिनीचाच नाद होता म्हणून."

"मीच लिवलं होतं अन् मीच वरून रंग मारला," चहाला येऊन ओट्यावर बसलेला सेवादास म्हणाला. "दोन कप चहावर तोंड बंद ठेवलं, वहिनी. तीस वर्सं."

"मास्तर व्हायचं नव्हतं मले," देवराव पुटपुटले. "बाबायनं नाव लिवून घेतलं, रंग वाळलाही नव्हता, अन् माहं मन फिरलं."

"मग आजोबा काय म्हणले?"

"काही नाही. म्हणले, सेवादासले बोलाव."

चक्कीवर गिऱ्हाईक हाका मारत होतं. देवरावांनी खिशातला पेन काढला, अर्ज माझ्याच झाकणावर ठेवला आणि सही केली. खरवडलेल्या रंगावर कागद खडबडीत झाला, त्यामुळे सही जरा वाकडी आली. मग ते सेवादासकडे वळले.

"अकोला लिव. पण खडूनं लिव."

आता मी अकोल्याच्या वसतिगृहात खाटेखाली आहे. सेवादासने मला निळा रंग दिला, पण तळहाताएवढी जागा सोडून. तिथं अमरावती आहे. ती झाकू द्यायची नाही, असा सत्यशीलाबाईंचा हुकूम आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी पेटी असेल. तिला ओलीत ठेवू नका, बिजागरीला अधूनमधून तेलाचं बोट लावा. नाव खुशाल रंगाने लिहा. गाव मात्र पोळा होईपर्यंत खडूनेच असू द्या. आणि घरातलं कोणी फारच ठामपणे बोलू लागलं, तर सराटा कुठे ठेवला आहे, तेवढं बघून ठेवा.