शिशाची चव

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेवढं तरी अंगात मुरलं. पण कुठे लहान मुलं गप्प बसलेली दिसली की अजून मला पुढे जाववत नाही. मी थांबते, त्यांना उगाच काहीतरी विचारते. बोलली की सुटल्यासारखं वाटतं.

सातवीची चाचणी होती. प्रश्न अगदी सोपा, धातूंचे गुणधर्म लिहा. चमक, नाद, उष्णता वाहून नेणं, पुस्तकात होतं तेवढं पुरे होतं. चौतीसपैकी अकरा पेपरांत एक जादा ओळ निघाली : 'शिसे गोड असते.' माझ्या डोक्यात तिडीक गेली. कॉपी करायची तर निदान डोळे उघडे ठेवून करा की! अकराही जणांना मी त्या प्रश्नाला शून्य दिलं.

ते सगळे एकाच गल्लीतले होते, हे मला दिसलं होतं. त्या गल्लीत घरोघरी जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवायचं काम चालायचं. पण मी अर्थ लावला तो एवढाच, की ही पोरं एकत्र अभ्यास करतात आणि एकाचं चुकलं की सगळ्यांचं चुकतं.

त्यांच्यातल्या एकीला वर्ग 'वकीलबाई' म्हणायचा. तिला एक उत्तर दिलं की तिचे दोन प्रश्न तयार असायचे. मी तिलाच उभं केलं.

"कुणाचं बघून लिहिलंस गं हे?"

"कुणाचंच नाही, बाई. गोडच असतं. तुम्ही चाखलंय का?"

वर्ग खो खो हसला. खरं सांगते, त्या हसण्याने मी चिडले. म्हटलं, "'धातूंना चव नसते', वीस वेळा लिहून आण. परत असं काही लिहिलंस तर अख्ख्या पेपरला शून्य."

त्यानंतर चार दिवस ती आलीच नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. मनात अजून राग होता, हेही सांगून टाकते.

गल्लीत दारोदार मुलं बसली होती आणि कुठेही गलका नव्हता. कुणी भांडत नव्हतं, कुणी पळत नव्हतं. उंबऱ्यांवर, खिडक्यांवर करड्या भुकटीचा थर होता. तिची आई अंगणात हातोड्याने बॅटरी फोडत होती. मला बघून तिने हात झटकले, स्टूल पुढे केलं. शेजारी पाचेक वर्षांचा धाकटा भाऊ बोटं चोखत बसला होता. मी नाव विचारलं, तर तो नुसता हसला.

"आधी बोलायचा हो," आई म्हणाली. "आता कंटाळा करतो. आमच्याकडची पोरं अशीच, बाई. वाढत्या वयात थंडावतात."

दुधाचे दात पडतात म्हणावं, तसं ती म्हणाली.

वकीलबाई आत पोट धरून पडली होती. उशाखालची वही तिने मला दिली. पहिल्या ओळी सुरेख होत्या. मग अक्षर कलंडायला लागलं, शब्द गळायला लागले. शेवटच्या ओळीत फक्त 'धातूंना' होतं.

"वेळ लागला, बाई. प्रत्येक ओळीआधी चाखून बघत होते. बघितल्याशिवाय लिहायचं नाही, असं तुम्हीच सांगता ना."

"मग?"

ती अडखळली. शब्द शोधत होती. ही पोरगी, आणि शब्द शोधत होती!

"आधी लागायचं गोड. आता काहीच लागत नाही. तुमचंच बरोबर होतं."

मी वही मिटली. शिशाची विषबाधा मी दहावीला शिकवायचे. पोटदुखी, मुलांचं बोलणं मंदावणं, असा दोन ओळींचा मजकूर होता, परीक्षेत कधी यायचा नाही.

त्याच संध्याकाळी मायलेकींना घेऊन मी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. जंत असतील, म्हणाले. मी शिशासाठी रक्त तपासा म्हणून हट्ट धरला.

"ती तपासणी इथे होत नाही, बाई. मोठ्या इस्पितळात पाठवायचं तर कागदावर कारण लिहावं लागतं." मग ते पोरीकडे वळले. "तोंडात कसली चव यायची का गं? गोडसर?"

सगळं त्या एका उत्तरावर अडलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

"यायची, डॉक्टर," मी म्हणाले. "तिने लिहूनसुद्धा दिलं होतं. गोड लागतं म्हणून. मीच ते..."

पोरीने माझी बाही ओढली आणि घाबरीघुबरी होऊन माझ्या कानाशी आली.

"बाई, तसं नका सांगू," ती म्हणाली. "शून्य मिळतं."