केरबांनी पाहिलेलं घर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. साधासुधा नव्हे बरं का, वर्कस्टेशन! हैदराबादच्या एका कचेरीत सहा वर्षं मी पुलांची चित्रं काढली. तिथले साहेब लोक मला कौतुकानं 'हत्ती' म्हणायचे. मग नवी यंत्रं आली आणि हत्तीला कुणी विचारेना. मोडक्या खुर्च्यांखाली दबून मी एका टेम्पोतून निघालो आणि या हातातून त्या हातात फिरत निलंग्याला लुंबिनीच्या घरी आलो. लुंबिनी बांधकामाचा डिप्लोमा झालेली पोर. तिनं मऊ फडक्यानं माझी धूळ पुसली. त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो.

माझी एक खोड आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. काम करताना समोरचं सगळं धरून ठेवायला संगणकाला रॅमच्या पट्ट्या लागतात. मला त्या खास सर्व्हरच्याच लागतात. साधी पट्टी दिसायला तशीच, लांबीला तेवढीच, खाचसुद्धा त्याच जागी. ती माझ्यात नीट बसते, पण मी चालत नाही. नुसता टूं टूं ओरडत राहतो.

लुंबिनीचे बाबा म्हणजे केरबा. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, गावभर घरं उभी केली आणि स्वतः पत्र्याखाली राहिले. भूकंपात त्यांनी रचलेली एक दगडी भिंत आतल्या माणसांवर पडली होती. तेव्हापासून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांचा कुठल्याच भिंतीवर भरवसा नव्हता. आता कुठे त्यांचं स्वतःचं घर व्हायचं होतं, आणि नेमकी त्यांची नजर चालली होती. साखरेनं दोन्ही डोळ्यांचे पडदे पोखरले होते. फार तर दोन महिने, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"लुंबे," ते म्हणाले, "कागदावरल्या रेघा मला कळत न्हाईत. पाया खांदायच्या आधी घर उभं दिसू दे. आत फिरून बघतो, मंग मारा कुदळ."

लुंबिनी कामाला लागली. तिनं माझ्या पडद्यावर वीट वीट रचून घर उभं केलं. मोबाइलवरचं चित्र बाबांना दिसत नव्हतं, म्हणून सगळी भिस्त माझ्या मोठ्या पडद्यावर. आणि मी? जिना चढवला की मला धाप लागायची. घर अर्धं दिसायचं आणि पडदा गोठायचा. माझ्याकडं दोनच पट्ट्या होत्या. आणखी दोन हव्या होत्या.

डोळे दाखवायला लातूरला जायचंच होतं. केरबा म्हणाले, "एक पट्टी काढून संगं घे. नमुन्याबिगर दुकानात जाऊ न्हाई." फरशी जुळवायची तर जुना तुकडा न्यायचा, ही त्यांची आयुष्याची रीत. उपरण्याच्या टोकात गाठ मारून त्यांनी माझी पट्टी एसटीतून नेली. दुकानदार वीरण्णांनी तिच्यावर नवी पट्टी ठेवली, लांबी बघितली, खाच बघितली. "बरोब्बर हाय की!" म्हणाले. पट्टीवरची बारीक अक्षरं मात्र कुणीच वाचली नाहीत.

घरी आल्यावर लुंबिनीनं त्या दोन नव्या पट्ट्या माझ्यात बसवल्या आणि मी टूं टूं ओरडलो. खरं सांगतो, मला शरम वाटली. 'तू आमच्यात चालणार नाहीस' हे वाक्य त्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. त्या घरात बसून मीही तेच म्हणत होतो. पण माझी घडणच तशी, करू काय?

वीरण्णा फोनवर म्हणाले, "पट्टीचे दात रबरानं घासा, मळ बसला असंल."

दुसऱ्या दिवशी लुंबिनी कामावर गेली. पोरीला तेवढीच मदत म्हणून केरबांनी काढून ठेवलेल्या चारही पट्ट्या समोर घेतल्या. खोडरबर काही त्यांना दिसला नाही. हाताला लागला तो भिंत घासायचा पॉलिश पेपर. माझ्या दोन्ही जुन्या पट्ट्यांचे सोनेरी दात त्यांनी इतके मन लावून घासले, की सोनं पार निघून गेलं. मी सगळं पाहत होतो. ओरडायला वीजही चालू नव्हती.

संध्याकाळी लुंबिनीनं त्या पट्ट्या हातात घेतल्या आणि उजेडात धरून ती एकेक दात पाहत राहिली.

"कामून गं? चमकून राहिल्या न्हवं?" केरबांनी विचारलं.

"हाव बाबा," ती म्हणाली. "लई चमकून राहिल्या." रडताना तिनं आवाज होऊ दिला नाही.

मग तिनं माझं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे, मला कोणती पट्टी चालते ते त्यावर छापलेलं आहे. तो पहिल्या दिवसापासून तिथंच होता! तिनं हैदराबादच्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो आज देतो, उद्या देतो करत राहिला. पट्ट्या आल्या त्या डॉक्टरांनी दोन महिने सांगितल्यापासून अकराव्या आठवड्यात. मी पहिल्या झटक्यात सुरू झालो. जिना सरसर चढलो, गच्चीवर गेलो, खिडक्या उघडल्या. एकदाही अडलो नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राला काही लागलं तर आधी त्याच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा. आणि वेळेवर वाचा. माझ्यासारख्याचं दुखणं उशिरा दुरुस्त झालं तरी चालतं, पण माणूस थांबू शकत नाही.

त्या दिवशी लुंबिनीनं बाबांना हाताला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं. "हे दार, बाबा. ही तुमची खोली. ही भिंत बघा, सिमेंटची हाय, आत लोखंड हाय."

केरबा पुढं वाकून टक लावून बघत राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"दिसलं गं," ते म्हणाले. "लई देखणं हाय. मारा कुदळ."

पडदा त्यांच्या उजव्या हाताला होता. माझ्या पंख्याचा आवाज ऐकून ते माझ्या काळ्या पत्र्याकडे तोंड करून बसले होते.