पाळण्यावरची पाटी

सकाळी सासूबाईंनी बॅग भरायला घेतली. कारण पाळण्यावरची पाटी: ‘हात धुतल्याशिवाय स्पर्श करू नये.’ ती मी प्रयोगशाळेतून उचलून आणली होती; तिथे आम्ही बाटल्यांच्या कपाटावर लावतो. आठ महिन्यांच्या लेकीला, आमच्या भोपळीला, काही होऊ नये एवढाच हेतू.

"मी काय रोगाची साथ आहे का गं?" त्या म्हणाल्या. "संध्याकाळच्या गाडीनं जाते."

तोंडात मारल्यासारखं झालं. तशीच कामावर गेले.

माझं काम समुद्रातल्या एका विषारी शैवालाचं. ते शिंपल्यांत जातं आणि शिंपल्यांतून त्याचं विष माणसांच्या पोटात. भोवतीच्या जिवाणूंमुळे ते फोफावतं का, विष वाढतं का, हे बघायचं होतं. दहा दिवसांपूर्वी तीन बाटल्या भरल्या. तिन्हींतले जिवाणू औषधानं मारले; मग दुसरीत एका जातीचे परत सोडले, तिसरीत वेगळ्या जातीचे.

आज पाहिलं तर पहिल्या, माझ्या लाडक्या स्वच्छ बाटलीत शैवाल तळाशी मलूल पडलेलं. दुसरीत दाट तपकिरी, विषही जास्त. तिसरीत शैवालाचा फडशाच.

"मॅडम, पहिलीत औषध जास्त झालं का माझ्याकडून?" मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारलं.

"नाही गं. त्याला लागणारं जीवनसत्त्व बहुतेक जिवाणूच पुरवत होते. तू त्याला एकटं पाडलंस. सोबत कुणाची, त्यावर सगळं."

अर्धी रजा टाकून घरी पळाले. बॅग दाराशी, आणि भोपळी तिचा पट्टा चघळत बसलेली. मी ओठ घट्ट मिटले, पाटी टरकन ओढून काढली आणि सासूबाईंना तिन्ही बाटल्यांची गोष्ट सांगितली.

"म्हणजे माझी नात विषारी शेवाळ?"

"अहो आई, तसं नव्हे..."

"आणि मी त्यातला कुठला जंतू? फडशा पाडणारा?"

"दुसऱ्या बाटलीतला. वाढवणारा."

"तो विषपण वाढवतो म्हणालीस ना आत्ता?"

मला हसू फुटलं, डोळ्यांत मात्र पाणी. "थोडं चालेल. राहा ना."

त्यांनी पट्टा भोपळीच्या तोंडातून सोडवला, बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि बेसिनपाशी गेल्या.

"पाटीमुळे नाही हं. गाजर किसलं होतं, म्हणून धुतेय."

मी साबणाकडे बघतेय हे त्यांनी आरशात पाहिलं.

"मोज," त्या म्हणाल्या, "किती वेळा चोळते ते."