तामिल्लाचं जातं

मित्रांनो, मी एक जुनं जातं आहे. उत्तर आफ्रिकेतल्या औरेसच्या डोंगरातल्या काळ्या दगडाचं. तामिल्लाच्या बापानं लेकीच्या लग्नासाठी मला स्वतः टाकी लावून घडवलं. तिच्या घरचे जव मी वर्षानुवर्षं दळले. शेजारणी माझ्या पिठाला नावाजत.

मग सपाटीच्या राजानं आमची कुरणं मागितली. तामिल्लाच्या एकुलत्या लेकानं, युफ्तननं, भरसभेत नकार दिला. राजाच्या हुकमावरून इझेम नावाच्या स्वारानं त्याला झऱ्यापाशी भाल्यानं मारलं. तेव्हापासून तामिल्ला दळताना गाईना. दातओठ खात नुसता खुंटा फिरवी. माणसांचं वैर निवतं म्हणतात. दगडाचं निवत नाही.

पुढच्या हंगामात सपाटीचे स्वार डोंगरावर चालून आले आणि हरले. इझेमचा घोडा पडला. मागावर आमची माणसं, म्हणून तो थेट तामिल्लाच्याच घरात घुसला. सून सेक्कुरानं कोयता उचलला.

आमच्यात बाईनं छातीशी धरलेलं पीठ तिच्या हातून खाल्लं, की खाणारा तिचा लेक होतो. मग घरातलं कोणी त्याच्यावर शस्त्र उचलत नाही. इझेमला एवढंच आठवलं.

“आई,” तो म्हणाला, “तुझ्या हातचा घास दे.”

“आई म्हणतोय मेला,” सेक्कुरा म्हणाली. “सासूबाई, जरा सरका. पिठात रक्त उडेल.”

तामिल्ला सरकली नाही. तिनं माझ्या कडेचं पीठ तेलात मळलं, छातीशी धरलं आणि त्याला भरवलं. माझा तर संताप झाला. त्यानं हसून तोंड पुसलं.

“भरलं पोट?” तामिल्ला म्हणाली. “आता ऐक. भावाचा सूड भावानं घ्यायचा. युफ्तन तुझा थोरला.”

“त्याला तर मीच...”

“तू हात. हुकूम देणारं तोंड अजून जेवतंय. त्याच्या तंबूत तुला कोण अडवणार?”

आईच्या पिठाशी बेइमान झालेल्याला डोंगरात काय, सपाटीतही कोणी पाणी देत नाही. इझेम मुकाट्यानं निघाला. त्यानं राजाला भरल्या ताटावर मारलं, आणि पहारेकऱ्यांनी त्याला तिथेच.

आमच्यात आई मेलेल्या एकेका लेकामागे एक गाल ओरबाडते. बातमी आली तेव्हा तामिल्लानं नखांनी दोन्ही गाल ओरबाडले.

“दोन्ही कशाला?” सेक्कुरानं विचारलं.

“लेक दोन होते ना.”

आता माझी वरची तळी फुटली आहे. खालचीवर सरडे ऊन खातात. मित्रांनो, घरातलं जुनं जातं जपा. आणि तिथे बसलेल्या बाईकडे घास मागण्याआधी, तिच्या घराचं आपण काय केलंय ते आठवून पाहा.